ऑरिनने मडगार्ड कापले

आमची पिकअप गाडी आणि मी, दोघींचे सांधे एकाच वर्षी गेले. तिचे पुढच्या चाकांचे, माझा डाव्या खुब्याचा. मला डॉक्टरांनी नवा खुबा बसवला. तिच्यासाठी ऑरिनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, भंगारवाल्याकडून एका जुन्या गाडीचा अख्खा अ‍ॅक्सल उचलून आणला आणि माझ्या टोमॅटोच्या वाफ्यावर आडवा टाकला. दोन दिवसांत हलवतो म्हणाला. त्या उन्हाळ्यात आम्ही टोमॅटो विकत घेतले.

आमच्या पश्चिम कोलोरॅडोत हे खूळ घरोघरी आहे. कारखान्यातून येते तेव्हा गाडीची पुढची दोन्ही चाकं आपापल्या दांड्यांवर वेगवेगळी हलतात. डांबरी रस्त्यावर ते झकास. डोंगरात दगडांवर आपटून आपटून त्या दांड्या वाकतात. मग माणसं ते सगळं कापून काढतात आणि या चाकापासून त्या चाकापर्यंत जाणारा एकच भक्कम अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या जाड पाट्यांवर बसवतात. गॅरेजवाल्याकडे कोणी जात नाही. घरच्या अंगणात, मित्रांना बोलावून करायचं. मित्र राबतात, त्यांना जेवायला घरच्या बाईने घालायचं आणि त्यांचे टोमणे घरच्या पुरुषाने ऐकायचे, अशी रीत आहे.

आणि त्यानंतर गाडी उंच होते. खरं सांगायचं तर निम्मे लोक त्या उंचीसाठीच हा खटाटोप करतात. ऑरिनचंही तेच होतं. बाजाराबाहेर एखादी उंच पिकअप दिसली की हा दूध-ब्रेड विसरून तिच्याखाली वाकून बघत बसायचा.

मला धास्ती होती ती या उंचीचीच. दर सप्टेंबरात आम्ही वरच्या तळ्याकाठी तंबू ठोकतो. अ‍ॅस्पेनची पानं पिवळी होतात, एल्क हरणं ओरडतात, ऑरिन पिठाळ मासे तळतो आणि मी ते छान झालेत असं सांगते. गेल्या वर्षी खुब्यामुळे मी गेले नाही. तो एकटा गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. म्हणाला, तिथली कॉफी बेचव लागते. कॉफी तीच, डबाही तोच. या वर्षीही मला गाडीत चढता आलं नाही, तर मी कायमची घरी बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. माणूस घरी बसायला शिकतो आणि मग कोणी विचारेनासं होतं. दाराखाली पायरी लावून भागलं असतं, पण त्या वाटेवरचे दगड पायरी पहिल्याच दिवशी उपटून टाकतात.

एक दिवस ऑरिन व्हरांड्यात आला. फळ्या एकावर एक रचल्या आणि म्हणाला, "व्हर्लीन, यावर पाय ठेव बघू. गाडीचा तळ इतका वर येईल."

मी पाय ठेवला. खुब्यातून कळ निघाली ती दातांपर्यंत गेली.

"जमतंय की," मी म्हणाले. त्याच्या हौसेच्या आड यायचं नव्हतं मला. आणि म्हातारी म्हणवून घ्यायचंही नव्हतं.

त्याने माझ्या पायाकडे पाहिलं नाही. व्हरांड्याचा खांब घट्ट धरलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं, बरं म्हणाला आणि फळ्या उचलून नेल्या.

पुढच्या आठवड्यात अंगणात कटरचा आवाज सुरू झाला. बाहेर येऊन बघते तर हा गाडीचं पुढचं मडगार्ड कापत होता. आमच्या गाडीचा फिकट निळा रंग अजून कारखान्याचा आहे. त्यावर हा माणूस दर रविवारी मेण घासतो. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल लागेल म्हणून कोणाला टेकू देत नाही. त्याच्या मित्राने, डेल्बर्टने, एकदा बॉनेटवर कप ठेवला, तर त्याच्याशी महिनाभर धड बोलला नव्हता. आणि आता ठिणग्या उडत होत्या, निळे तुकडे मातीत पडत होते. डोकं फिरलंय का म्हणून मी विचारलं. चाक घासतं, असं तो म्हणाला आणि दुसऱ्या बाजूला गेला.

शनिवारी डेल्बर्ट आणि दुसरा मित्र एलॉय मदतीला आले. अ‍ॅक्सल बसला, पाटे बसले, चाकं चढली. जेवणाआधी जॅक काढले आणि गाडी हळूच आपल्या नव्या पायांवर उतरली. सगळे मागे सरकून बघू लागले. गाडी होती तेवढीच होती. फार तर बोटभर उंच.

डेल्बर्ट पोट धरून हसला. म्हणाला, एवढी मेहनत केलीस आणि बनवलंस काय, गवत कापायचं यंत्र? एलॉय म्हणाला, त्याच्या सासूची गाडी हिच्यापेक्षा उंच आहे आणि ती फक्त चर्चला जाते. मडगार्ड कापण्यापेक्षा पाटे वाढवले असते तर गाडी गाडीसारखी दिसली असती, असंही दोघांनी ऐकवलं.

"मला अशीच आवडते," ऑरिन म्हणाला.

माझ्या हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी खाली ठेवायची तर चाकाला जागा हवी, आणि ती जागा त्याने आपल्या निळ्या पत्र्यातून काढली होती. वर हे दोघं टोणगे हसत होते आणि हा खाली मान घालून पाना पुसत होता. माझं नाव एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही. त्या घटकेला मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मी भांडं खाली ठेवलं. काठी टेबलाला टेकवली आणि सगळ्यांसमोरून चालत जाऊन दार उघडलं. ऑरिनने हात पुढे केला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, तो खिशात घातला. मी डावा पाय उचलला. पाय पोचला. मी आत बसले.

हसणं थांबलं. डेल्बर्टने कापलेल्या मडगार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढून उगाच तिच्या आत बघत बसला.

ऑरिन दाराशी आला.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"कापलंय तिथे गंज चढेल आता."

"चढू दे," तो म्हणाला. माझा स्कर्ट दारात अडकत होता, तो त्याने आत सारला आणि दार लावलं.