समोरची जाळी

ब्रेकऐवजी पाय ॲक्सिलरेटरवर पडला आणि सरलाबाईंची गाडी खळ्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर जाऊन धडकली. ट्रॉली जुंपायची लोखंडी दांडी नेमकी गाडीच्या तोंडासमोर होती. काचा शाबूत राहिल्या, बॉनेटला पोचा आला नाही, पण दांडी समोरच्या जाळीतून आरपार आत गेली. काळ्या प्लास्टिकचे तुकडे खळ्यात उडाले.

शेजारच्या सीटवर बसलेली दामिनी, त्यांच्या दिराची मुलगी, घाईने खाली उतरली. ती शहाद्याच्या शाळेत शिक्षिका होती, गाडी चांगली चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी काकूला शिकवायची.

"काकू, लागनं तर नही ना?"

सरलाबाईंनी मान हलवली. हात मात्र स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

आवाज ऐकून त्यांचे पती मोतीलाल ओट्यावर आले. त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू होता. समोरचं नीट दिसायचं, पण दोन्ही कडांनी अंधार हळूहळू आत सरकत होता. वर्षापूर्वी प्रकाशा गावाच्या रस्त्यावर कडेने चाललेला सायकलवाला त्यांना दिसलाच नव्हता. सायकलवाला शेतात उतरला म्हणून वाचला. मोतीलालांनी गाडी तिथेच थांबवली, भावाला बोलावून घेतलं आणि त्या दिवसानंतर चावीला हात लावला नाही. तेव्हापासून नंदुरबारला डोळे दाखवायला जायचं म्हणजे कुणाची तरी सवड बघावी लागे. पाहुण्यासारखं तयार होऊन बसायचं, आणि ऐन वेळी समोरच्याला दुसरं काम निघायचं. एकदा तर औषध संपून गेलं तरी जाणं झालं नव्हतं. त्याच आठवड्यात सरलाबाईंनी गाडी शिकायचं ठरवलं. वय पंचावन्न.

मोतीलाल गाडीजवळ आले, वाकले आणि हाताने चाचपून पाहिलं. मग सरळ झाले.

"आते बस कर, पवननी माय," ते म्हणाले. "जे व्हयनं ते व्हयनं. गाडी झाकी ठेव."

"जाळी मी तोडी," सरलाबाई म्हणाल्या. "मीच बसाडसू."

"तुले काय समजस त्यामा?"

"समजस नही. समजी लिसू."

सुरतेहून मुलाचा, पवनचा फोन आला. बातमी त्याला कुणी कळवली ते समजलं नाही. माय, गाडी विकून टाक, मी तिकडून गाडी पाठवत जाईन, तो म्हणाला. सरलाबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि जेवलास का, एवढंच विचारलं.

गावात चुनीलाल नावाचा मिस्त्री होता, ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. तो येऊन बघून गेला. जाळीमागच्या रेडिएटरला काही झालं नाही, पाणी गळत नाही, गाडी चालेल, असं त्याने सांगितलं. पण जाळीशिवाय रस्त्यावर नेऊ नका. उसाच्या ट्रॉल्यांतून पाचट उडतं, खडे उडतात, रेडिएटरला भोक पडलं तर काम वाढेल. त्याच्याकडे मात्र ट्रॅक्टरांची रांग लागली होती. हंगाम संपल्यावर बघू, म्हणाला.

"जाळी निघस कशी, तेवढं दखाड," सरलाबाई म्हणाल्या.

चुनीलालने बॉनेट उचलून बोट ठेवलं. वर हे स्क्रू आणि या प्लास्टिकच्या टिचक्या, म्हणजे क्लिपा. खाली बंपरच्या खाचांत अडकवलेले आकडे. वरचं सोडवायचं आणि मग बेताने पुढे ओढायचं. एवढं सांगून तो गेला.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने शहाद्याला गेल्या, गाडीचं नाव सांगितलं आणि नवी जाळी घेऊन आल्या. घरी येऊन पाहतात तर ती आडव्या पट्ट्यांची. त्यांच्या गाडीला होती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आणि वाकसुद्धा वेगळा. गाडी तीच, पण मागून आलेल्या मॉडेलची जाळी त्यांच्या हातात पडली होती. मोतीलाल ओट्यावरून म्हणाले, "सांगनं होतं ना मी."

सरलाबाईंनी ती जाळी ओट्यावर ठेवली. बॉनेट उघडलं आणि गाडीसमोर पाट टाकून बसल्या. स्क्रू सुटले. टिचक्या मात्र हट्टी होत्या. पहिली टिचकी त्यांनी पेचकसाने उपटली, तिचं डोकंच उडालं. दुसरी निरखून पाहिली. तिच्या मधोमध एक बारीक खुंटी होती. खुंटी आधी वर उचलली की टिचकी आपोआप सैल व्हायची. मग सगळ्या न तुटता निघाल्या. खालचे आकडे कट्‌कट्‌ करत सुटले आणि फुटकी जाळी त्यांच्या मांडीवर आली. दोन भाग झाले होते, ते त्यांनी सुतळीने एकत्र बांधले.

तीच मोळी जुन्या चादरीत गुंडाळून, चुकीची नवी जाळीही सोबत घेऊन त्या पुन्हा बसमध्ये चढल्या. मांडीवरचा तो आकार पाहून शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय शे हाई, बाई? खिडकी?"

"गाडीनं तोंड," सरलाबाई म्हणाल्या.

शहाद्याच्या दुकानदाराने नवी जाळी परत घेतली, पण हवी ती त्याच्याकडे नव्हती. त्या पुढच्या बसने नंदुरबारला गेल्या. दोन दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्या दुकानातल्या माणसाने चादर उघडून पाहिली, मागच्या बाजूचा नंबर वाचला आणि माळ्यावरून धूळ बसलेलं खोकं काढलं. सरलाबाईंनी जुनी जाळी नव्या जाळीवर ठेवून प्रत्येक आकडा मोजून पाहिला. टिचक्याही मागून घेतल्या, एक जास्तीची. परत येताना बसमध्ये उभं राहावं लागलं, पण त्यांनी खोकं खाली ठेवलं नाही.

सकाळी चहा झाल्याबरोबर त्या खळ्यात गेल्या. जाळी वरून लावून पाहिली, खालून लावून पाहिली. डावी बाजू बसे, उजवी उचलून येई. उजवी दाबली की डावी सुटे. जोर लावायचीही भीती वाटत होती. एखादा आकडा मोडला तर पुन्हा नंदुरबार. ऊन चढलं. घाम पुसताना कपाळाला काळा पट्टा लागला तो त्यांना कळलाही नाही.

मोतीलाल ओट्यावर बसून ऐकत होते. प्लास्टिक सरकल्याचा आवाज, मग सुस्कारा. पुन्हा तोच आवाज. शेवटी ते उठून आले.

"सरक जरा."

त्यांनी वाकून पाहायचा प्रयत्न केला, पण सावलीत त्यांना काही दिसेना. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बंपरच्या खाचेत बोट घातलं. एकेक खाच चाचपत गेले. उजवीकडच्या शेवटच्या खाचेत बोट थांबलं.

"आठे काहीतरी अडकेल शे."

जुन्या जाळीचा मोडका आकडा आतच रुतून बसला होता. सरलाबाईंनी बारीक पक्कड आणली. मोतीलालांनी बोटाने जागा धरून ठेवली आणि त्यांनी त्याच बोटाच्या कडेने पक्कड सरकवली. दोनदा निसटलं. तिसऱ्या वेळी काळा तुकडा बाहेर आला.

मोतीलाल तो तळहातावर घेऊन उभे राहिले.

"जाळी फुटी ना," मग ते म्हणाले, "तवय माले बरं वाटनं."

सरलाबाईंनी वर पाहिलं.

"मनमा म्हनं, चला, आते हाई पन चलाडाव नही. तू शिकी गयी, म्हंजे मन्हा हातमाईन गाडी कायमनी गयी." त्यांनी तो तुकडा बोटांत फिरवला. "घरनी गाडी, आनि मी बाजूले बठाना."

सरलाबाईंना राग आला. इतके दिवस ओट्यावरून येणारं प्रत्येक वाक्य आठवलं. पण समोरचा माणूस खोटं बोलत नव्हता, आणि खोटं समाधान त्याला चाललं नसतं.

"गाडी तुमना हातमाईन गयीच शे," त्या म्हणाल्या. "ती मी नही लियी. पन मी शिकनी नही, तर तुमना डोया बी जातीन. औषधना बिगर महिना काढा आपन. ते माले परत नही कराणं."

मोतीलालांनी हातातला तुकडा खाली टाकला. मग जाळीची उजवी बाजू त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"डावीकडथीन लाव. मी आठे दाबस."

कट्‌ आवाज आला. मग दुसरा, तिसरा. शेवटचा आकडा सर्वांत खोल बसला. वरच्या टिचक्या सरलाबाईंनी घातल्या, स्क्रू आवळले, आणि दोन्ही हातांनी जाळी हलवून पाहिली. हलली नाही.

त्या दिवशी दुपारीच त्यांनी दामिनीला बोलावलं. खळ्यातली ट्रॉली हलवू नको, असं बजावून सांगितलं. मग त्याच वाटेने गाडी आत आणली आणि दांडीच्या अलीकडे थांबवली. पुन्हा बाहेर काढली, पुन्हा आणली. दामिनी म्हणाली, काकू, बास. त्या म्हणाल्या, आणखी एकदा. असं आठवडाभर चाललं, कधी खळ्यात, कधी केळीच्या बागेकडच्या रस्त्यावर. पाय चुकायचा थांबला.

पुढच्या तपासणीला त्या स्वतः मोतीलालांना घेऊन निघाल्या. गाडीला शिकाऊ चालकाचा एल लावलेला, मागे दामिनी. प्रकाशाच्या पुलावर उसाचे ट्रक समोरून येत होते आणि सरलाबाईंचे खांदे कानापर्यंत गेले होते. मागून कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता.

"वाजाडू दे," मोतीलाल म्हणाले. "त्याले घाई शे, आपले नही."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, पण राहिलेली टिकवता येईल. थेंब चुकवायचे नाहीत. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर सरलाबाईंनी चावी फिरवली आणि घराकडे वळायला आरशात पाहिलं.

"घर नको," मोतीलाल म्हणाले. "धानोराले जाऊत. कौसाकडे."

कौसाबाई त्यांची धाकटी बहीण. गाडी सोडल्यापासून ते तिच्या दारात गेले नव्हते. ती फोनवर बोलवायची, ते बघू म्हणायचे.

"रस्ता माले ठावका नही," सरलाबाई म्हणाल्या.

"माले शे."

ते सांगत गेले आणि त्या वळत गेल्या. धानोऱ्याच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा कौसाबाई दारात गहू निवडत होती. भावाची पांढरी गाडी तिने लांबूनच ओळखली. सूप तसंच टाकून ती धावत आली, ड्रायव्हरच्या बाजूला वळली आणि काचेवर थाप मारून ओरडली, "दादा!"

काच खाली झाली.

"दादा तिकडे शेतस," सरलाबाई म्हणाल्या. "जरा बाजूले व्हय, कौसा. माले गाडी सावलीमा लावनी शे."