इलाहीभाईंचा दम

पौडच्या बाजारपेठेत इलाहीभाईंचा बँड होता आणि त्या बँडची एक रीत होती. लग्न हिंदूंचं असो की मुसलमानांचं, नवरी निघायची वेळ झाली की ताशे, ट्रम्पेट, सगळं गप्प बसायचं आणि इलाहीभाई एकटे पुढे होऊन क्लॅरिनेट वाजवायचे. धून त्यांची स्वतःचीच. रिह्यापासून कासार आंबोलीपर्यंत किती पोरी त्या धुनेवर सासरी गेल्या, कोण मोजणार. मुलीचा बाप एरवी कितीही खमका असो, तिथे त्याचे डोळे भरायचेच.

आणि नशीब बघा कसं असतं. त्यांच्या स्वतःच्या मुलीचं, आसमाचं लग्न ठरलं आणि त्यांच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. मानेला भोक राहणार, श्वास तिथूनच येणार-जाणार. म्हणजे बोलणं बंद, आणि ओठांतली फुंकर कायमची बंद.

म्हणून ऑपरेशनला निघायच्या आधी त्यांच्या मुलानं, अनिसनं, ती धून घरातच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून घेतली. इलाहीभाईंना तेव्हाच धाप लागत होती. मध्ये एकदा खोकले, आणि शेवटच्या ओळीला दम सरला तो सरलाच. पुन्हा वाजवा म्हणायला अनिसची जीभ उचलेना.

"ऱ्हाऊ दे," इलाहीभाई म्हणाले. "आसमाच्या रुखसतीला एवडं वाजिव, म्हंजे झालं."

अनिसनं त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

अनिस बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. महाळुंग्याला तेव्हा नव्या सोसायट्या उठत होत्या, त्यातल्या एकीत राहणारा कौस्तुभ त्याच्या ओळखीचा झाला होता. नोकरी आयटीत, वेड संगीताचं. त्यानं अनिसच्या कॉम्प्युटरवर चार-पाच सिंथेसायझर टाकून दिले. ही वाद्यं हातात धरायची नसतातच, सगळं कॉम्प्युटरच्या पोटात वाजतं.

"एकट्या आवाजाला अंग नसतं रे," कौस्तुभ म्हणाला. "तीच धून सगळ्या सिंथवर वाजव आणि वडिलांच्या रेकॉर्डिंगवर लेयर कर. एक थर नुसत्या फुंकरीचा, एक सनईच्या जातीचा, तळाला एक जाड. बघ कसं भरतं ते."

भरलं, आणि काय भरलं! अनिसला तर तहानभूक राहिली नाही. नवा थर जुन्याशी जुळतो का हे बघायला बाकीचे आवाज बंद-चालू करावे लागायचे. स्क्रीनवर प्रत्येक आवाजापुढे एक हिरवा दिवा, तो विझवला की तो आवाज गप्प. अब्बांचा खोकला कामात मध्ये यायचा, म्हणून त्यांचाही दिवा तो विझवायचा आणि काम झालं की लावायचा. अर्धी राहिलेली शेवटची ओळसुद्धा त्यानं सिंथवर पुरी करून टाकली.

संध्याकाळी इलाहीभाई शेजारी येऊन बसायचे, ऐकायचे, मान हलवायचे. गल्लीतली माणसं म्हणायची, हुबेहूब इलाहीभाई. बापाचा गेलेला श्वास आपण परत आणून दिला, या विचारानं अनिस नुसता फुलून गेला होता. का फुलू नये? पोटच्या पोरानं आणखी काय करायचं असतं?

निकाहच्या दिवशी सकाळी आसमा मेंदीचे हात सांभाळत त्याच्या खोलीत आली. "भाई, बाकीचं समदं बंद कर. मला नुसतं अब्बांचं ऐकव."

अनिसनं एकेक थर बंद केला. फुंकरीचा, सनईचा, तळाचा. शेवटचा बंद झाला आणि खोलीत काहीच उरलं नाही. स्क्रीनवरची रेघ पुढे सरकत होती, आवाज म्हणून नाही. अब्बांचा दिवा आधीपासूनच विझलेला होता.

"कदीपास्नं?" आसमानं विचारलं.

त्याला सांगता येईना. कालपासून की महिन्यापासून, काही म्हणता काही आठवेना. रोज हेच ऐकत होता, आणि यात बाप नाही हे त्याच्या कानांना कळलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

आई, सायरा, दारात येऊन उभी राहिली होती. "तुला म्हाईत न्हवतं?" ती म्हणाली. "आमाला वाटलं, तूच काडलं."

"मी कशाला काडीन, अम्मी?"

"ह्यांनी मला लई आदीच खुणंनं सांगितलं. माजा दम कमी पडला, पोरानं मला बाजूला ठिवलं, बरंच केलं. लग्नात खोकला कशाला. वर मलाच दटावलं, त्याला बोलू नगंस, त्यो खुशीत हाय."

अनिस उठून बाहेर गेला. इलाहीभाई नवा शर्ट घालून, गळ्याशी रुमाल बांधून ओट्यावर बसले होते. तो त्यांच्या पायाशी बसला.

"अब्बा, मी तुमाला काडलं न्हवतं. चुकून बंद ऱ्हायलं." मग थांबून म्हणाला, "आन मला कळलं बी न्हाई."

दुसरं वाक्य गिळलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण ते बोलल्याशिवाय त्याला पहिलं खोटं वाटत होतं. इलाहीभाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

दुपारी रुखसतीच्या, पाठवणीच्या वेळी अनिसनं एकट्या अब्बांचं रेकॉर्डिंग लावलं. मांडवातल्या मोठ्या स्पीकरवर ते फारच बारीक वाटलं. कौस्तुभ घाईनं जवळ आला.

"अरे, बाकीचे लेयर राहिले. किती पातळ वाटतंय."

"वाटू दे," अनिस म्हणाला.

स्पीकरमधून खोकला आला तेव्हा बाया वळून इलाहीभाईंकडे बघायला लागल्या. ते तोंड मिटून उभे होते, आसमा त्यांच्या मिठीत होती. धून शेवटच्या ओळीशी आली, दोन सूर लागले आणि दम सरला. पुढे नुसती खरखर. अनिसचा हात माऊसवर होता. एका क्लिकनं ती ओळ पुरी झाली असती. त्यानं हात काढून घेतला.

गाडीचं दार उघडं होतं, नवऱ्याकडची मंडळी घाई करायला लागली. आसमा काही हलेना. तिला सोडवायला अनिस पुढे झाला आणि तिथेच थांबला. इलाहीभाईंची बोटं तिच्या पाठीवर चालत होती. दोन्ही हातांची, क्लॅरिनेटवर चालायची तशी, सावकाश. उरलेली ओळ वाजत होती. मानेच्या रुमालाआडून श्वास फुसफुसत होता.

"चला, चला, उशीर होतोय," कुणीतरी म्हणालं. अनिसनं हात करून त्याला गप्प केलं.

बोटं थांबली, तेव्हा आसमा गाडीत बसली.