आखडण्याचा अर्धा इंच

कोहिनूरच्या डोक्यात अकरा आठवडे फुगा होता. चार वर्षांची असताना भाताच्या उकळत्या पेजेचं पातेलं अंगावर आलं आणि उजव्या कानाच्या वर साडेतीन इंच रुंद टक्कल कायमचं बसलं. म्हणून आता मोठेपणी ढाक्याच्या सरकारी इस्पितळात शेजारच्या केसाळ कातडीखाली रबरी पिशवी बसवली. दर मंगळवारी सुई टोचून तिच्यात मिठाचं पाणी भरायचं. कातडी ताणत ताणत वाढते. मग पिशवी काढायची, टक्कल कापून टाकायचं आणि वाढलेली कातडी त्यावर ओढून शिवायची. ऐकायला सोपं आहे. तीन महिने डोक्यावर नारळ घेऊन जगून दाखवा.

ढाक्याजवळच्या गाझीपूरच्या कारखान्यात ती टी-शर्ट शिवायची. "तुला दोन डोकी झाली," सुपरवायझर म्हणायचा, "मग माल एकाच डोक्याचा का निघतो?" ती मशीन चालवतच राहायची. हा फुगा एकदाच सोसायचा, पुन्हा नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

त्या मंगळवारी शाहरियार नावाच्या छोट्या डॉक्टरने टेप लावला. फुग्यावरून सात इंच, तळाशी साडेतीन. "वाढ साडेतीन, टक्कल साडेतीन. झालं. गुरुवारी ऑपरेशन."

"कमी पडेल, सर," कोहिनूर म्हणाली.

"काय?"

"ताणलेलं आहे ते. कापलं की आखडणार. आमच्याकडे ताणाचं कापड आलं की तागा उलगडून आधी दिवसभर मोकळं पसरतात, मगच कात्री लावतात. घाई केली तर बाही आखूड पडते. अर्धा इंच तरी जास्त धरा."

शाहरियार हसला. "मिनती दिदी, ऐकलंत? आता शिंपिणी आम्हाला शिकवणार."

सुई टोचणारी म्हातारी नर्स मिनती हसली नाही. पण बोललीही नाही. तीस वर्षं सरकारी इस्पितळात काढली की माणूस एवढंच शिकतं.

"सर, कातडी पुरली नाही, मधली पट्टी उघडी राहिली तर?"

"तर पुन्हा फुगा बसवू."

"तुमच्या डोक्यात?"

त्याने संमतीचा कागद पुढे सरकवला. "सही कर. तुझ्यामागे चाळीस जण उभे आहेत."

"नाही करत."

त्याने फायलीवर लाल शाईने 'रुग्णाचा नकार' असं खरडलं. "जा घरी. फुगा फुटला तर इकडे येऊ नकोस."

ती गेली नाही. बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिली आणि विभागाचे मोठे प्राध्यापक-डॉक्टर फेरीवर आले तेव्हा सरळ त्यांच्या वाटेत उभी राहिली. तिने तोंड उघडलं, पण त्यांनी ऐकलं नाही. फुगा बघितला, फाईल बघितली, स्वतः टेप लावला.

"सुटल्यावर कातडी आखडते, ते कोण धरणार?" ते शाहरियारला म्हणाले. "अजून दोन भरण्या. मग तारीख द्या."

"हो सर, माझंही तेच मत होतं," शाहरियार म्हणाला. त्याने लाल ओळ खोडली आणि खाली लिहिलं: सरांच्या सल्ल्यानुसार.

"हेच मी सांगत होते," कोहिनूर म्हणाली.

कुणी वळून बघितलं नाही. घोळका व्हरांड्यातल्या पुढच्या खाटेकडे सरकला. वॉर्डबॉय म्हणाला, "बाई, रस्ता सोडा."

मिनती दिदीने तिला आत ओढलं. "बस. कशाला तोंड चालवतेस? काय मिळतं इथे बोलून?"

"दोन भरण्या मिळाल्या. त्याही त्यांच्या नावावर," कोहिनूर म्हणाली आणि डोक्यावरची ओढणी खाली घेतली. "टोचा."