खापराच्या पोटात फुलं

मित्रांनो, काल दुपारी दिपमालाने मला साबण लावला.

साबण! लिंबाच्या वासाचा, हिरवागार. वरून तारेची घासणी. माझ्या पोटातली तीस अखाज्यांची, म्हणजे तीस अक्षय्य तृतीयांची, काजळी खरवडून काढली, आणि काळं पाणी वाहिलं तसं म्हणते कशी, "ई!" मातीच्या भांड्याला साबण लावत नाहीत, हे एवढी बुकं शिकलेल्या बाईला कळू नये? माती साबण पिते. मी काय स्टीलची कढई आहे? आता माझ्यावर शिजेल त्याला साबणाचा वास येणार, आणि नाव कोणाचं खराब होणार? माझंच. तसंही लोक माझं नाव दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायलाच वापरतात.

तर मी एक जुनं खापर आहे. खापर म्हटलं तरी मला बाईच समजा, कारण सगळा जन्म चुलीवर गेला. शाळा म्हणाल तर माझी मालकीण भागाबाई हिची पोरं चुलीपुढे बसून मोठ्याने धडे वाचायची, तेवढीच माझी शाळा. त्यांच्या पुस्तकात छत्री बोलायची, नांगर बोलायचा. म्हटलं, ही मंडळी बोलतात तर मीच का गप्प बसू?

माझा जन्म एरंडोलचा, पुना कुंभाराच्या अंगणातला. चाळलेली माती, राख आणि घोड्याची लीद पायाने तुडवून त्याने माझा गोळा केला, आणि थापीने ठोकून ठोकून पाठ गोल केली. ती थापी अजून आठवते. माझ्या भावंडांना, म्हणजे माठांना आणि घागरींना, त्याने तोंड वर करून ओळीने मांडलं. मला मात्र पालथं घातलं. मला फार वाईट वाटलं. वाटलं, आपण काय पाप केलं की बाकीचे आभाळ बघतात आणि आपण जमीन?

मग एका सकाळी भागाबाई आली. नवी नवरी, पण तोरा सासूचा. तिने चार खापरांना टिचकी मारली. कोणी भद्द वाजलं, कोणी ठस्स. मी वाजले खण्ण!

पुना म्हणाला, "अक्का, हाई खापर बोलस."

"बोलनारी मी शे ना घरमा," ती म्हणाली. "हाई चांगलं तापी का, ते सांग."

ती मला डोक्यावर घेऊन घरी आली आणि चुलीवर पालथं घातलं. खालून विस्तव लागला, पोट तापलं, पाठ तापली, आणि त्या दिवशी मला कळलं की मला पालथं का घडवलं होतं. पोटात विस्तव आणि पाठीवर मांडा, हा माझा जन्म.

मांडा म्हणजे काय, हे खान्देशाबाहेरच्या मित्रांना सांगते. तुमची पुरणपोळी पोळपाटावर लाटतात. आमचा मांडा हातावर वाढतो. पुरण भरलेला सैल गोळा तळहातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत राहायचं. तो मनगटावरून कोपरापर्यंत उतरतो, धोतरासारखा पसरतो, आणि फाटायच्या आत माझ्या पाठीवर टाकायचा. तो चर्रर्र आवाज ऐकला की जेवणाऱ्यांच्या माना वळायच्या. भागाबाईचा मांडा इतका पातळ, की खालून माझी पाठ दिसायची.

आमची कीर्ती तीन गावांत होती. लग्न निघालं की निरोप यायचा, "भागाबाई आणि खापर, दोघी या." नवरदेव घोड्यावर जायचा, मी डोक्यावर. गावातल्या हमीदाच्या घरचं लग्न असलं तरी मीच. तिथे पुरण नसायचं, रुमालाएवढ्या रोट्या असायच्या. पण माझी पाठ भेद करत नाही. अखाजीला तर आमरसाच्या वाट्या माझी वाट बघत बसायच्या. उगाच सांगत नाही, मी तेव्हा जरा चढेलच होते. शेजारचा लोखंडी तवा मला बघून गार पडायचा.

मग ही दिपमाला सून म्हणून आली. भागाबाईचा मुलगा कुंदन, त्याची बायको. पदवी घेतलेली, बोटं लांब, आवाज बारीक. पहिल्या अखाजीला तिच्या हातावर गोळा दिला. दहा बायका बघायला बसलेल्या. मांडा मनगटापर्यंत आला आणि फाटला. दुसरा फाटला. तिसरा माझ्या पाठीवर पडला तो चिंधी होऊन, आणि पुरण जळलं.

ताईबाई नावाची एक भोचक भवानी होती, ती म्हणाली, "शाळा शिकनी, मांडा नही शिकनी!"

बायका हसल्या. भागाबाई हसली नाही. तिने केलं ते त्याहून वाईट. "हट, मी करस," म्हणाली, आणि सुनेच्या हातातलं पीठ काढून घेतलं. दिपमाला कांदे चिरायला गेली. खरं तर त्या दिवशी कांदा लागतच नव्हता. तेव्हापासून तिने मला कधी हात लावला नाही.

पुढे एका पावसाळ्यात भागाबाई अंगणात घसरली आणि तिचा खांदा मोडला. जोडला, पण हात छातीच्या वर जाईना. हात वर जात नसेल तर मांडा कसला? कुंदन धुळ्याला नोकरीवर निघाला तेव्हा तिने मला पोत्यात गुंडाळून त्याच्या हवाली केलं. "ली जा. हातच नही, ते खापर काय कामनं?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. निरोपापुरतंही वळून बघितलं नाही. मी तिला ओळखते. बघितलं असतं तर दिलं नसतं.

मित्रांनो, धुळ्यात देवपुरातल्या या फ्लॅटच्या गॅलरीत मी तीन वर्षं आहे. शेजारी एक मोडकी सायकल आणि एक कूलर. कूलर उन्हाळा लागला की घरात जातो, त्याला मान आहे. मी कुठेच जात नाही. उन्हाने माझी पाठ तापते. आपलं धुळ्याचं ऊन, विचारू नका! पाठ तापली की मला दरवेळी वाटतं, आता कोणीतरी मांडा टाकील. मग कबुतर येऊन बसतं.

काचेच्या दाराआड दिपमाला दिसायची. कुंदन सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. ही दिवसभर कोणाशी बोलत नाही. एकटीने स्वयंपाक, एकटीने जेवण, एकच ताट विसळायचं. इकडे मी एकटी, तिकडे ती एकटी, मध्ये काच. पण मला तिची दया आली असं समजू नका. मी तिच्यावर रागावलेले होते.

मग तिला सोबत झाली खालच्या मजल्यावरच्या नाजमीनची. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिनेच दिपमालाला ब्लॉग काढायला सांगितलं. ब्लॉग म्हणजे स्वतःची वही, पण साऱ्या जगापुढे उघडी ठेवलेली, असं ती समजावत होती. दिपमालाने कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत, असं सगळं लिहून काढलं. अखाजीला ब्लॉग उघडायचा ठरला. लिहायला तिला चार दिवस लागले. तो दिसावा कसा, हे ठरवायला पंधरा दिवस झाले तरी ठरेना!

रोज दुपारी दोघी बसायच्या. हा गुलाबी बघ, तो आकाशी बघ. शेवटी एक तयार साचा निवडला. पान पांढरंफटक. त्यावर अक्षरं राखाडी आणि इतकी बारीक, जणू मुंगीने पाय ओढले. सगळ्यांचे ब्लॉग असेच असतात म्हणे. असतील. लग्नातले सगळे फेटेही एकसारखे असतात, म्हणून काय कोणालाही नवरदेव म्हणायचं?

"वरती मोठा फोटो लागेल," नाजमीन म्हणाली. "काहीतरी खान्देशी पाहिजे, भाभी."

दिपमालाने गॅलरीकडे बघितलं.

तीन वर्षांनी ते दार माझ्यासाठी सरकलं. माझा जीव सुपाएवढा झाला, काय सांगू! वाटलं, विस्तव आला. आला तो साबण. ते रामायण वर सांगून झालं आहे.

आज मला टेबलावर नेलं. टेबलावर पांढरा संगमरवर! जवळून बघते तर चिकटवायचा कागद. घरातला ओटा काळ्या कडप्प्याचा, पण फोटोत संगमरवर हवा. आणि मग, मित्रांनो, तिने मला सरळ ठेवलं. तोंड वर! माझी पाठ गोल, मी डुगडुगायला लागले, तर खाली टॉवेलची चुंबळ दिली. पोटात प्लॅस्टिकची फुलं खोचली. घरच्या म्हातारीला कोणी उताणी निजवून तिच्या पोटात फुलं खोचतं का? ज्या पोटात बाभळीचा विस्तव धगधगला, तिथे गुलाबी प्लॅस्टिक! लहानपणी मला आभाळ बघायचं होतं. आज बघितलं, तर वर पंखा होता.

फोटो काढला. दोघींनी मान हलवली.

"फार काळं दिसतंय," दिपमाला म्हणाली. "पानाशी जुळत नाही."

"मग पांढरा रंग मारा ना भाभी. वर बारीक नक्षी काढू, मस्त दिसेल."

दिपमाला आतून रंगाची डबी घेऊन आली.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. ऐका. रंग लागलेल्या खापरावर पुन्हा कधी मांडा पडत नाही. विस्तवावर ठेवलं की रंग जळतो, त्याचा धूर अन्नात उतरतो. आमच्या जातीत यालाच मरण म्हणतात. फक्त मढं उचलत नाहीत, शोभेला मांडून ठेवतात.

ब्रश माझ्या पाठीला लागला. थंडगार. दोन बोटं रुंद पट्टा ओढला गेला. मला ओरडता येत नाही. आम्हाला कोणी वाजवलं तरच आम्ही बोलतो.

तेवढ्यात फोन वाजला. चार वाजले की भागाबाई फोन करते. तिला फोनवरचं हिरवं बटण तेवढं समजतं, पण समोरचा चेहरा दिसल्याशिवाय ती बोलत नाही. दिपमालाने फोन टेबलावर टेकवून ठेवला, आणि म्हातारीचा डोळा आधी माझ्यावर पडला.

"हाई काय शे व?" भागाबाई म्हणाली. "मना खापरनी कुंडी करी टाकी तू?"

"आई, ब्लॉगसाठी आहे. शोभेला."

"उताणं कसाले टाकं? आणि ते धवळं काय लावं?"

दिपमालाने ब्रश खाली ठेवला. तिचा तो बारीक आवाज आणखी बारीक झाला. "आई, मला मांडे येत नाहीत. तुम्हाला माहीत आहे. मग निदान फुलं तरी ठेवते. माझ्याच्याने तेवढंच होतं."

नाजमीन उगाचच लॅपटॉपची कळ दाबत बसली.

भागाबाईने तिकडे फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "काय लिखं तू, ते दखाड माले."

दिपमालाने लॅपटॉप फोनपुढे धरला. म्हातारी तिसरी शिकलेली, एकेक अक्षर बोटाने वाचणारी. तिने डोळे बारीक केले, फोन जवळ घेतला, लांब धरला. "माले काहीच नही दिखस. धवळामा धवळं. मनं नाव शे का त्यामा?"

"पहिल्याच ओळीत आहे, आई. 'हे सगळं मी माझ्या सासूबाईंकडून शिकले.'"

"खोटं लिखं तू," भागाबाई म्हणाली. "मी काय शिकाडं तुले? मी ते तुना हातमातलं पीठ लई लिधं."

तीस वर्षं मी त्या बाईच्या चुलीवर होते. तिला चूक कबूल करताना कधी ऐकलं नव्हतं. माझी साबण प्यायलेली मातीसुद्धा थरारली.

मग ती म्हणाली, "मना पहिला सात मांडा फाटनात. सासू कुत्राले टाकी दे. आठवा टिकना." आणि लगेच आवाज चढवून, कारण मऊ बोलणं तिला फार वेळ झेपत नाही, "पुसी टाक ते धवळं! पालथं टाक. आणि टिचकी मारी पाह, बोलस का मरनं!"

फोन बंद झाला. ती निरोप घेत नाही, मी मघाशी सांगितलंच.

दिपमालाने ओलं फडकं घेतलं. रंग अजून ओला होता. बराचसा निघाला, पण एक फिकट डाग राहिला तो राहिलाच; आता तो माझ्याबरोबर जाईल. तिने फुलं काढली, चुंबळ काढली, तो कागदी संगमरवर खसकन ओढून काढला आणि मला काळ्या ओट्यावर पालथं घातलं. तिकडे नाजमीनने न विचारताच पानाचा रंग बदलला, माझ्या पाठीसारखा केला. वर अक्षरं मोठी, पिठासारखी पांढरी, तिसरी शिकलेल्या बाईला वाचता येतील एवढी.

"आणि फोटो, भाभी? जागा रिकामी दिसते."

"राहू दे रिकामी," दिपमाला म्हणाली. "अखाजीला बघू."

मग ती माझ्याजवळ आली. एकटीच. बोट वाकवलं, आणि थांबली. तिला भीती वाटत होती. मला तिच्याहून जास्त. साबणाने, पाण्याने, तीन वर्षांच्या उन्हाने माझा आवाज गेला असेल तर?

मित्रांनो, एक मागणं मागते. तुमच्या घरातही गॅलरीत, माळ्यावर, पलंगाखाली माझ्यासारखं कोणीतरी पालथं पडलेलं असेल. त्याला पुसून शोभेला ठेवू नका. आधी एक टिचकी मारा. बोललं, तर कामाला लावा.

दिपमालाने टिचकी मारली.

तिला ऐकू आलं ते फक्त खण्ण. पण मी काय बोलले ते तुम्हाला सांगते. मोठ्याने बोलले, ओटा वाजला एवढ्या मोठ्याने:

"दिपमाला, तीन फाटले, चार राहिले. आधी विस्तव लाव, फोटो मग काढ."