परवापर्यंतचे आकडे

मित्रांनो, मी रुग्णालयाच्या रक्तपेढीतला एक जुना संगणक आहे. मला नाव कुणी ठेवले नाही. नावे मात्र सगळ्यांनी ठेवली. कुणी 'डबा' म्हणते, कुणी 'घरघऱ्या', आणि उन्हाळ्यात सगळे एकमताने 'शेगडी'.

माझ्या तरुणपणी सगळी माहिती माझ्याच पोटात असे. कोणत्या गटाच्या किती पिशव्या आल्या, किती गेल्या, किती उरल्या. मग एके दिवशी संगणक विभागातल्या ताई आल्या आणि रक्तपेढी सांभाळणाऱ्या काकांना म्हणाल्या, "काका, आपली सगळी माहिती आता ढगात गेली."

काकांच्या हातातले पेन पडले. "अहो ताई, दवाखान्यात असं बोलतात का? पेशंट पळून जातील!"

ढग म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेले मोठाले संगणक, हे काकांना पटायला आठवडा लागला. मला नवे काम मिळाले. दर पंधरा मिनिटांनी त्या दूरच्या साठ्याचे दार वाजवायचे, पासवर्ड सांगायचा, आकडे घ्यायचे आणि वरच्या मजल्यावर, वॉर्डातल्या फलकावर त्यांचा रंगीत तक्ता लावायचा. दार उघडून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. "ड्रायव्हर फार जुना झालाय, काढून टाकते," असे ताई एकदा जिन्यात फोनवर बोलल्या. रुग्णवाहिका चालवणारे मामा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

वॉर्डात फलकाचे फार कौतुक झाले. मोठ्या सिस्टर पाहुण्यांना तो घरच्या बाळासारखा दाखवत. रक्तपेढीला फोन करायची सवयच सुटली. फलकावरच्या लहान कॅमेऱ्यातून हे सारे मला दिसे, ऐकू येई. कौतुक फलकाचे, धूळ माझी. पण चालले होते.

मग तो सोमवार आला. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायचा, असा ढगाचा नियम. ताईंनी तो सगळीकडे बदलला आणि मला विसरल्या. मी दार वाजवले. 'पासवर्ड चुकीचा.' पंधरा मिनिटांनी पुन्हा वाजवले. तेच उत्तर.

मित्रांनो, माझ्या एका वाईट खोडीबद्दल इथे सांगायलाच हवे. नवे आकडे मिळाले नाहीत, की मी जुनेच लावून ठेवतो. फलक रिकामा दिसू नये, असे मला शिकवले होते. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत मी तशी सूचना दिली. मंगळवार गेला. हिरवा रंग हिरवाच राहिला.

बुधवारी ताईंना ती मुंगी दिसली. माझ्यासाठी पासवर्ड द्यायला वरिष्ठांची परवानगी हवी होती आणि ते बैठकीत अडकले होते. ताईंनी घाईघाईत एक कागद लिहून फलकाखाली चिकटवला, 'आकडे परवापर्यंतचे आहेत', आणि वरिष्ठांना गाठायला त्या शेजारच्या इमारतीत गेल्या.

त्या वॉर्डात एक शाळकरी मुलगी होती. गुरुवारी सकाळी तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. रक्तगट बी निगेटिव्ह, सहजासहजी न मिळणारा. चार पिशव्या हव्या होत्या. मोठ्या सिस्टर तिच्या आईला घेऊन फलकापुढे आल्या.

"हे बघा, बी निगेटिव्ह सहा. आणि खाली लिहिलंय, परवापर्यंतचे आहेत. म्हणजे शुक्रवारपर्यंत चिंता नाही. ऑपरेशन तर उद्याच आहे."

आईचा चेहरा सैलावला. आकडे सोमवारचे आहेत, हे मला ठाऊक होते, पण सांगणार कसे? मला तोंड नाही, एक पंखा तेवढा आहे. तो मी जीव तोडून फिरवला. काका म्हणाले, "शेगडी पेटली वाटतं," आणि खिडकी उघडून मोकळे झाले.

तेवढ्यात मुलीची मावशी पुढे आली. ती कपडे शिवणारी. "सिस्टर, हा परवा कुठला? गेलेला, की यायचा?"

"म्हणजे?"

"माझ्याकडे बायका येतात, म्हणतात, परवा टाकलेला फ्रॉक परवा हवाय. या एका शब्दापायी दोन गिऱ्हाइकं तुटली माझी. आता मी तारीख घातल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही."

"अहो मावशी, फलक कशाला खोटं बोलेल?"

"फलक नसेल बोलत. पण लिहिणारं माणूस घाईत होतं. बघा ना, शेवटच्या शब्दावर रेघसुद्धा ओढली नाही. एक फोन करा हो. भाची आहे माझी."

सिस्टरांनी जरा नाराजीनेच फोन लावला. काकांनी फ्रीज उघडला. "एक... दोन..." मग खालचा कप्पाही पाहिला. "दोनच आहेत, सिस्टर. काल अपघाताच्या पेशंटला चार गेल्या."

यानंतर काकांनी आपली जुनी वही काढली. पहिला रक्तदाता परगावी. दुसऱ्याने महिन्यापूर्वीच रक्त दिलेले. तिसरी घंटा नुसती वाजत राहिली. चौथा एक बेकरीवाला, तो पिठाच्या हातांनीच निघाला. पाचव्या एक शिक्षिका, त्याही आल्या. संध्याकाळी तपासण्या संपल्या आणि फ्रीजमध्ये चार पिशव्या झाल्या.

ताई परवानगी घेऊन धावत आल्या. "काका, मी मागचा परवा म्हटलं होतं!"

"मग 'मागचा' कुणी लिहायचं, मी?"

ताई माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या. घाईघाईत दोनदा पासवर्ड चुकला. तिसऱ्यांदा दार उघडले. त्यांनी माझी खोडही मोडली. आता आकड्यांशेजारी तारीख आणि वेळ ठळक असते, आणि अर्ध्या तासात नवे आकडे आले नाहीत, तर फलक कोरा होतो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवरची धूळ पुसा, जमल्यास. पण आम्ही दाखवतो त्यावर डोळे मिटून विसंबू नका. 'हे तू शेवटचे कधी पाहिलेस?' एवढे आम्हाला विचारा. आम्ही फसवत नाही. आम्हाला गप्प बसता येत नाही, एवढेच.

गुरुवारी सकाळी बी निगेटिव्हसमोर चार होते. साडेअकराला शून्य झाले. पिशव्या शस्त्रक्रियेसाठी गेल्या, एवढेच मला कळले. पुढचे मला कोण सांगणार? मी दार वाजवत राहिलो. शून्य. शून्य. पुन्हा शून्य. फलकासमोर आई आणि मावशी बाकावर बसून होत्या.

दोन वाजता दार उघडले, तेव्हा आकडा होता एक.

"एक म्हणजे काय हो, सिस्टर?" आईने घाबरत विचारले.

सिस्टरांनी या वेळी आधी खाली फोन केला, मगच सांगितले. "एक परत आली. तीनमध्येच भागलं तिचं."