सईचा उजवा हात

दिल्लीचं धुकं खाली उतरलं की मयूर विहारमधल्या आमच्या इमारतीची गच्ची जणू अधांतरी तरंगू लागते, आणि त्या शुभ्र अंधुकतेत सई आधी दिसत नाही, ऐकू येते. स्स, स्स, स्स. प्रत्येक ठोशामागे एक श्वास, शिट्टी होण्याआधी कुकरमधून वाफ सुटते तसा. मग धुक्यातून तिचा उजवा हात बाहेर येतो, क्षणभर थबकतो आणि पुन्हा धुक्यात विरून जातो. माझी लेक बॉक्सर आहे असं मी ऑफिसात सांगते, तेव्हा लोक माझ्या चष्म्याकडे आणि डब्यातल्या पोळीभाजीकडे पाहतात. त्यांचा विश्वास बसत नाही.

नोकरीपायी आम्ही पुण्याहून इथे आलो, तेव्हा हाच हात माझ्या ओढणीचं टोक सोडत नसे. पुढे तो पट्ट्यांत आवळला गेला, सुजला, सोलवटला, आणि त्याला स्वतःचा असा एक स्वभाव आला. घरी आल्यावर सई कधी बेल वाजवत नसे. उजव्या हाताच्या पेरांनी दारावर दोनदा टकटक करी, आणि त्या आवाजावरून मला तिचा दिवस कसा गेला ते कळे.

गेल्या हिवाळ्यात तिची राज्य अजिंक्यपदाची अंतिम लढत होती. मी औक्षणाचं तबक घेऊन गेले होते. हसा खुशाल! जिंकली की तिथल्या तिथे ओवाळायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काडेपेटी काढून घेतली. तेल, वात, कुंकू, अक्षता मात्र आत नेऊ दिलं.

समोर नजफगढकडची मंजू होती. सावळी, बुटकी, शांत चेहऱ्याची. तिचे ठोसे कसलाही गाजावाजा न करता यायचे आणि नेमके लागायचे. तिसऱ्या फेरीत सई गुडघ्यावर आली आणि रेफरीने तिच्यासमोर आकडे मोजले. मला बॉक्सिंगमधलं फारसं कळत नाही, पण आपलं लेकरू हरतंय हे कळायला शास्त्र लागत नाही.

निकालासाठी रेफरी दोघींची मनगटं धरून मधे उभा राहिला. सई त्याच्या पुढून वाकली, मंजूकडे पाहून मनापासून हसली आणि म्हणाली, "बढ़िया लड़ी, यार." तेवढ्यात रेफरीने सईचाच हात वर केला. पाचांपैकी तीन पंचांनी कौल तिला दिला होता. तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू कुठे जावं हे न कळून तसंच राहिलं, आणि उंचावलेला हात दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखा लोंबत राहिला. सभागृहातून आरोळ्या उठल्या, "बेईमानी है! बेईमानी है!"

मी टाळ्या वाजवल्या. वाजल्या, असं म्हणणं सोयीचं आहे, पण वाजवल्या मीच. शेजारच्या बाकावरून मंजूची आई उठली. डोक्यावरून पदर घेतलेली ती बाई माझ्या तबकाकडे पाहत, आवाज न चढवता म्हणाली, "थारी छोरी नै तो बेरा था." तुझ्या पोरीला तर ठाऊक होतं. मी कुंकवाची डबी उगाच बंद केली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सई खाली आली ती थेट अधिकाऱ्यांच्या टेबलाशी गेली. "सर, मंजू जीती है. मुझे पता है."

ते गृहस्थ हसले. "बेटा, तुम्हारा काम लड़ना है. फ़ैसला हमारा काम है."

तिने राष्ट्रीय स्पर्धेतली आपली जागा मंजूला द्यायची तयारी दाखवली. तू गेली नाहीस तर जागा रिकामी राहील, मंजूला मिळणार नाही, असं उत्तर आलं. म्हणजे परत करायलाही वाट नव्हती.

त्या संध्याकाळपासून ती बेल वाजवू लागली. तीही डाव्या हाताने. पदक मोज्यांच्या खणात गेलं. जिन्यात शेजारीण विचारी, "आंटी, मिठाई कब खिला रही हो?" आणि सई मान खाली घालून दोन-दोन पायऱ्या उतरे. मराठी मंडळाने शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं, तर तिने सरळ नाही म्हटलं.

"अगं, पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षात राहतंय?" मी म्हटलं.

"माझ्या," ती म्हणाली. "आई, तू म्हणतेस ना, आयत्या बिळावर नागोबा? तो मी आहे."

ही म्हण मीच तिला शिकवली होती. गच्चीवर पुन्हा स्स, स्स सुरू झालं, पण आता धुक्यातून डावा हातच अधिक वेळा बाहेर येई.

सावरीची लाल फुलं रस्त्यावर पडू लागली तेव्हा ती राष्ट्रीय स्पर्धेला गेली. चार दिवसांनी, टळटळीत दुपारी, दारावर टकटक झाली. दोनदा. मी पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. सईचा ओठ फाटला होता, एक डोळा मिटत आला होता, आणि ती हसत होती.

"हरले, आई! पहिल्याच लढतीत. पाचही पंच, बिल्कुल एकमत. नीट हरले गं." आणि मग हळूच म्हणाली, "आता ओवाळ."

मी निरांजन लावलं. तिने कपाळ पुढे केलं, आणि ज्योतीच्या उजेडात तो सुजका चेहरा मला फार सुंदर दिसला. लाज मात्र गेली नाही. मंजूने त्या अंतिम लढतीनंतर सराव सोडला, असं सईच्या प्रशिक्षकांनी सांगितलंय. हरलेल्याच्या जखमा काळ भरून काढत असेल. पण मी निरांजन लावते तेव्हा मला नजफगढकडचं, कधीही न पाहिलेलं एक दार आठवतं. त्या हिवाळ्यात तिथेही कुणीतरी आरतीची थाळी सजवून ठेवली असेल, तिथे काडेपेटीही असेल, आणि तरी ज्योत लावायची वेळ मात्र आलीच नाही.