हिंमतरावांची एंट्री

हिंमतराव भोईटे आमच्या ऑफिसात सेक्शन ऑफिसर. वरच्या साहेबांसमोर बेधडक बोलणारा माणूस. पण लक्ष्मीबाई नगरातल्या आम्हा मराठी मंडळींनी गणपतीत नाटक बसवलं, त्यांना इन्स्पेक्टर केलं, आणि त्यांच्या नावातली हिंमत रजेवर गेली. प्रयोगाच्या दिवशी दुपारी मला म्हणाले, "कौस्तुभ यार, छातीत नुसती धडधड होतेय. घास उतरत नाही."

माझे हात थरथरतात, म्हणून डॉक्टरांनी मला एक गोळी दिलेली आहे. तिने धडधडही कमी होते. मी मोठ्या ऐटीत त्यातली एक त्यांना दिली. ते रोज सकाळी शुगरची गोळी घेतात, हेही मला माहीत होतं. पण दोन्हींचा एकत्र विचार करायचं काही सुचलं नाही.

संध्याकाळी पहिल्या प्रवेशात हिंमतराव अगदी निवांत. हात स्थिर, आवाज खणखणीत. दुसऱ्या प्रवेशात चोराला दरडावून विचारायचं होतं, "काल कुठे होतास?" त्यांनी विचारलं, "फाइल कुठे अडकली?" प्रेक्षक हसले. मग ते स्वतःच चोराच्या खुर्चीत बसले आणि त्याला म्हणाले, "साहेब, माझ्या रजेचं काय झालं?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्यांच्या पत्नी, प्रमोदिनीवहिनी, विंगेत प्रॉम्प्टिंग करत होत्या. त्या मात्र हसल्या नाहीत. सरळ स्टेजवर गेल्या, नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि ओरडल्या, "घामाने निथळतायत हे! साखर आणा, पटकन!" लोकांना तेही नाटकच वाटलं. पडदा पाडून वहिनींनी त्यांना ग्लासभर साखरपाणी पाजलं. दहा-बारा मिनिटांनी हिंमतरावांची नजर ठिकाणावर आली.

"माझी एंट्री झाली का?"

"झाली. एक्झिटही झाली. चला दवाखान्यात," वहिनी म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आज वेगळं काय घेतलं?" मी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. त्यांनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शुगर उतरली की छाती धडधडते, हात कापतात, म्हणून माणूस सावध होतो. तुमच्या गोळीने ते सगळं झाकून टाकलं. राहिला फक्त घाम. त्यात शुगरची गोळी घेऊन हे दुपारी उपाशी! दुसऱ्याची गोळी कधी घ्यायची नाही, आणि," माझ्याकडे वळून, "द्यायचीही नाही."

शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांनी हिंमतरावांना सकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवलं. वहिनींनी त्यांच्या सगळ्या औषधांची नावं एका कागदावर लिहून तो त्यांच्या पाकिटात सारला. मी भिंतीला टेकून उभा होतो. माफी मागायला पुढे झालो.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "नाटकात तुमच्याकडे काय काम होतं?"

"लायटिंग."

"बिल्कुल तेवढंच करत जा."

पलंगावर हिंमतराव पांघरूण तोंडावर ओढून हसत होते.